वजन उतरलं, पुढे काय? एका ऑपरेशनचा सत्तर वर्षांचा फॉलोअप

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याची भाषा बऱ्यापैकी तशीच ठेवली आहे.

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. दोन फोटो असतात. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. उजवीकडचा माणूस आपलीच जुनी, ढगळ पँट कमरेशी ताणून धरतो आणि हसतो. फोटो खोटा नसतो. पण तो काढला कधी? बहुतेक वेळा ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्षाने. मग पाचव्या वर्षीचा फोटो कुठे आहे? दहाव्या वर्षीचा? आणि फोटोत न दिसणारं जे काही आहे, म्हणजे झोप, संसार, आरशातली स्वतःची ओळख, त्याचं काय झालं?

हा प्रश्न सर्जन लोकांना पडायला बराच काळ लागला. आज आपण हा इतिहास सर्जनच्या खुर्चीतून बघणार आहोत. समोर पेशंट बसलाय, टाके भरलेत, वजनकाटा खाली आलाय, आणि तरीही काहीतरी राहिलंय. ते 'काहीतरी' सर्जनला कसं दिसायला लागलं, त्याची ही गोष्ट.

आधी दोन गोष्टी सांगून टाकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे हा भाग वैद्यकीय सल्ला म्हणून घेऊ नका. आणि पुढे एके ठिकाणी आत्महत्येचा उल्लेख आहे. आज ते ऐकायचं मन नसेल, तर हा भाग नंतर ऐका.

पाइपलाइनचा प्रश्न

सुरुवात होते १९५४ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात. आर्नॉल्ड क्रेमेन आणि जॉन लिनर हे सर्जन कुत्र्यांवर प्रयोग करत होते. लहान आतड्याचा मोठा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला तर काय होतं? उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं. अन्न शोषलं जात नाही आणि वजन उतरतं. मग हाच विचार माणसांपर्यंत पोचला.

सर्जनच्या डोक्यातलं चित्र तेव्हा साधं होतं. शरीर म्हणजे पाइपलाइन. आत जास्त येतंय, साठतंय, तर मधला पाइप छोटा करा. लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड पेन आणि लोरेन डीविंड यांनी १९५६ पासून दहा पेशंटवर एक टोकाचं ऑपरेशन केलं. लहान आतड्याचा वरचा थोडा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडला. त्यांची कल्पना अशी, की ही तात्पुरती सोय आहे. वजन हवं तितकं उतरलं की आतडं पुन्हा होतं तसं जोडून द्यायचं आणि पेशंटला घरी पाठवायचं.

वजन उतरलं. पण असह्य जुलाब, क्षारांची कमतरता असे हालही झाले. आणि आतडं परत जोडल्यावर? वजन परत आलं.

इथे जरा थांबूया, कारण पुढच्या सत्तर वर्षांचं बीज इथेच आहे. लठ्ठपणा म्हणजे एकदा दुरुस्त केला की संपणारा बिघाड, असं सर्जनने धरलं होतं. पहिल्याच दहा पेशंटनी दाखवून दिलं की तसं नाही.

पेन आणि डीविंड यांनी मग कायमस्वरूपी ऑपरेशन आखलं. लहान आतड्याच्या वरच्या भागातले १४ इंच आणि शेवटच्या भागातले ४ इंच एकमेकांना जोडायचे, बाकीचं आतडं बाजूला. माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर असतं. त्यातलं कामाचं उरलं जेमतेम हातभर. साठ आणि सत्तरच्या दशकांत हे ऑपरेशन अमेरिकेत हजारो लोकांवर झालं.

मानसोपचारतज्ज्ञांची भीती

त्या काळात मानसोपचारावर फ्रॉइडच्या विचारांचा मोठा पगडा होता. त्यातला एक समज असा, की जास्त खाणं ही मनाने उभी केलेली ढाल आहे. ती काढून घेतली तर मन कोसळेल, माणूस नैराश्यात जाईल. म्हणजे सर्जनने पोट सुधारायचं आणि मानसोपचारतज्ज्ञाने पुढे मन सावरत बसायचं.

पेनसिल्वेनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी लठ्ठपणा आणि मन या विषयात आयुष्य घालवलं. डाएट करून वजन उतरवणाऱ्यांमध्ये चिडचिड, उदासी, बेचैनी येते, हे त्यांना ठाऊक होतं. ऑपरेशन झालेल्यांकडे पाहिलं, तर चित्र उलटं. १९७० आणि ८० च्या दशकांतली निरीक्षणं साधारण एकाच दिशेची होती. बहुतेकांचा मूड सुधारला, स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं, माणसं घराबाहेर पडायला लागली.

पण त्याच वेळी शरीराची मात्र वाताहत होत होती. आतड्याच्या बायपासने किडनी स्टोन होत, सांधे सुजत, जीवनसत्त्वं कमी पडत, काहींचं लिव्हर निकामी होई. सर्जन म्हणत, "आतडं पुन्हा जोडून घेऊ या." आणि कितीतरी पेशंट म्हणत, "नको."

सर्जनच्या खुर्चीतून हे बघा. समोर माणूस आजारी आहे. उपाय तुमच्या हातात आहे. तो तुम्हाला हात जोडून सांगतोय की मला असंच राहू द्या, पण जाड करू नका. वजनकाट्यावर न दिसणारं असं या माणसाच्या आयुष्यात काय होतं?

थोडा अंदाज एका उपरोधिक ठिकाणाहून आला. १९७८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात बायपासनंतरच्या वैवाहिक बदलांवर एक लेख आला. काही जोडप्यांमध्ये वजन उतरल्यावर ताण वाढला होता. जी बायको आतापर्यंत घरात बसून होती, ती बाहेर पडायला लागली, बोलायला लागली, 'नाही' म्हणायला लागली. घराची घडी जुन्या वजनावर बसलेली होती. वजन हललं तशी तीही हलली.

आयोवाचे डॉक्टर मेसन

आता या गोष्टीतलं मुख्य पात्र. एडवर्ड मेसन. जन्म १९२०, आयोवा विद्यापीठात सर्जन. याच्याआधी अल्सरसाठी जठराचा भाग काढत असत, आणि अशा पेशंटना नंतर वजन वाढवणं जड जातं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यावरून १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इतो यांच्यासोबत गॅस्ट्रिक बायपास केला. जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करायचा आणि तो थेट लहान आतड्याला जोडायचा. आतड्याची अर्ध्याहून जास्त वाट बंद करण्यापेक्षा हे पुष्कळच सौम्य होतं. आज जगभर होणाऱ्या बायपासचा हा पूर्वज. म्हणूनच मेसन यांना या शाखेचा जनक म्हणतात.

पण मेसन स्वतःच्या ऑपरेशनवर खूश होऊन थांबले नाहीत. १९८० मध्ये त्यांनी आणखी साधं ऑपरेशन आणलं. आतड्याला हातच लावायचा नाही. स्टेपलने जठरात उभी भिंत घालून छोटी पिशवी करायची, आणि तिच्या तोंडाशी पट्टी बसवायची. अन्न हळूहळू उतरेल, दोन घासांत पोट भरेल.

तेव्हाची आणखी एक पद्धत ऐकून अंगावर काटा येतो. जबडा तारेने बांधून टाकायचा. पेशंट फक्त पातळ घेणार, वजन उतरणार. तार सोडली की वजन परत. पेन-डीविंडचाच धडा, नव्या जागी.

मेसनच्या पिशवीलाही माणसांनी वाट काढली. भाकरी, भाजी, मांस अडकायचं, उलटी व्हायची. आइस्क्रीम आणि मिल्कशेक मात्र अलगद उतरायचं. १९८७ मध्ये व्हर्जिनियातले सर्जन हार्वी शुगरमन यांनी दोन ऑपरेशनांची थेट तुलना छापली. पट्टीपेक्षा बायपास सरस ठरला, आणि गोड खाण्याची सवय असलेल्यांना तर पट्टीचा फायदा फारच कमी झाला. बायपासनंतर गोड खाल्लं की अनेकांना घाम फुटतो, धडधड होते, गरगरतं. शरीरच हात मागे ओढतं. पट्टीत तसं काही नव्हतं.

सर्जनने यातून काय शिकायचं? काहींनी सोपा निष्कर्ष काढला: पेशंट फसवतोय. ही तीच जुनी शेरेबाजी, जी जाड माणूस जन्मभर ऐकत आलेला असतो. पण विचार करा. एखाद्याला दुःखात, एकटेपणात, परीक्षेच्या आदल्या रात्री एकच गोष्ट साथ देत आलीय, ती म्हणजे खाणं. तुम्ही त्याच्या जठराची पिशवी केली. एकटेपणा तिथेच आहे. रात्र तिथेच आहे. मग तो त्या पिशवीतून जे उतरतं ते शोधणारच.

सत्तेचाळीस माणसांचं उत्तर

फ्लोरिडात कॉलीन रँड आणि अॅलेक्स मॅकग्रेगर यांनी १९९१ मध्ये एक अभ्यास छापला. ४७ माणसं निवडली. सगळ्यांनी ऑपरेशननंतर किमान ४५ किलो वजन उतरवलेलं आणि तीन वर्षं तसंच टिकवलेलं. त्यांना विचारलं: पुन्हा तितकं जाड व्हायचं, की दुसरं एखादं अपंगत्व चालेल?

ठार बहिरेपणा? मधुमेह? हृदयविकार? सगळ्यांनी, म्हणजे ४७ पैकी ४७ जणांनी, लठ्ठपणापेक्षा हे परवडेल असं सांगितलं. एक पाय गमावणं? दहातल्या नऊ जणांनी तेही चालेल म्हटलं. अंधत्व? जवळपास तितक्याच जणांनी होकार दिला. आणि अतिश्रीमंत पण जाड, की साधारण परिस्थिती पण नेहमीचं वजन? एकानेही पैसा निवडला नाही.

पाय गुडघ्याच्या दुखण्यामुळे जात नाही की मधुमेहामुळे जात नाही, नुसता तोलून बघायचा आहे, आणि माणूस म्हणतो, घ्या. हे उत्तर आजाराबद्दल नाहीये. बसमध्ये शेजारी कुणी न बसणं, दुकानदाराचं "तुमच्या मापाचं नाही हो", शाळेतलं टोपणनाव, या सगळ्याचं हे उत्तर आहे. आतडं परत जोडायला नाही म्हणणाऱ्या पेशंटचं कोडं इथे सुटतं. ऑपरेशनने त्याच्या अंगावरची चरबी नेली होती आणि त्याबरोबर अपमानही. अपमान परत घ्यायला कोण तयार होईल?

आता माझ्यातला इंजिनिअर जरा हात वर करतो. ही ४७ माणसं कोण होती? यशस्वी झालेली. ज्यांचं वजन परत वाढलं, ती या यादीत नव्हतीच. आमच्या कामात एक ठोकताळा असतो. सर्व्हरकडून एररचे लॉग यायचे थांबले, तर दोन शक्यता असतात. एक, सगळं सुरळीत आहे. दोन, लॉग पाठवणारा भागच बंद पडलाय. दुसरी शक्यता तपासल्याशिवाय झोपू नये.

जे परत येत नाहीत

सर्जनच्या ओपीडीत नेमकं हेच घडत होतं. ज्याचं वजन उतरलंय, तो वेळेवर फॉलोअपला येतो. नवा शर्ट घालून येतो, पेढे आणतो. ज्याचं वजन परत चढायला लागलंय, तो यायचा थांबतो. पत्रांना उत्तर देत नाही. का? कारण त्याला वाटतं, डॉक्टरने आपलं काम केलं, आपणच नापास झालो. ज्या काट्यावर टाळ्या मिळाल्या, त्याच काट्यावर पुन्हा उभं कोण राहील?

त्यामुळे प्रत्येक सर्जनला आपले निकाल उत्तम वाटायचे. समोर येणारे सगळे हसरेच.

मेसन यांचं मोठेपण मला इथे दिसतं. सत्तरच्या दशकाअखेरीपासून ते देशभरच्या सर्जनना आयोवात बोलावून आपापले निकाल मांडायला लावत. १९८३ मध्ये अमेरिकेत या शाखेच्या सर्जनांची संघटना उभी राहिली, तिच्या स्थापनेत ते पुढे होते. १९८६ मध्ये आयोवा विद्यापीठात त्यांनी एक नोंदवही सुरू केली. वेगवेगळ्या सर्जनचे पेशंट एकाच ठिकाणी नोंदवायचे आणि वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवायचा. नवं ऑपरेशन शोधणाऱ्याचं नाव होतं. वही ठेवणाऱ्याचं होत नाही. पण 'हरवलेले' पेशंट हरवलेत, एवढं तरी त्या वहीमुळे कळायला लागलं.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांना बसवून या ऑपरेशनसाठी नियम ठरवले. बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार, हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याच कागदातल्या आणखी दोन गोष्टी कमी लक्षात राहिल्या. एक, पेशंटची निवड करणाऱ्या गटात सर्जनबरोबर आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञही हवा. दोन, ऑपरेशननंतर देखरेख आयुष्यभर हवी. आयुष्यभर! आतडं जोडून देऊन घरी पाठवायच्या १९५६ च्या कल्पनेपासून सर्जन इथवर आला होता.

स्वीडनची टेकडी

याच सुमारास, १९८७ पासून, स्वीडनमध्ये लार्स शोस्ट्रोम यांनी एक प्रचंड अभ्यास सुरू केला. ऑपरेशन झालेले २,०१० जण, आणि तसेच पण ऑपरेशन न झालेले २,०३७ जण. या सगळ्यांना वर्षानुवर्षं गाठायचं. फक्त हसऱ्यांना नाही, सगळ्यांना.

या लोकांना वजनाबरोबर जगण्याबद्दलही विचारलं. मूड कसा आहे, लोकांत मिसळता का, तब्येतीबद्दल काय वाटतं. त्याचा आलेख काढला तर टेकडीसारखा दिसतो. पहिल्या वर्षात झपाट्याने चढ. मग साधारण सहाव्या वर्षापर्यंत हळूहळू उतार. त्यानंतर सपाट. सपाट जागा सुरुवातीपेक्षा वर आहे, हे महत्त्वाचं. पण शिखरावर नाही.

वजनाचंही तसंच. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं. दहा वर्षांनी ते सुरुवातीच्या वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होतं.

हे एका माणसावर मांडून बघू. वजन १२० किलो. दीड वर्षात ८२. दहाव्या वर्षी ९०. सर्जनच्या खुर्चीतून: ३० किलो गेले आणि दहा वर्षं गेलेलेच राहिले, झकास निकाल. पेशंटच्या खुर्चीतून: ८२ झालं होतं, ८ किलो परत आले, मी हरलो. दोघांसमोर एकच फाइल. आकडे तेच. एक जण पहिल्या दिवसापासून मोजतोय, दुसरा शिखरापासून. या दोन मोजण्यांच्या मधल्या दरीत पेशंट हरवतो.

त्या टेकडीच्या चढ-उतारावर काय काय भेटतं, हे हे काम करणारे सर्जन आता पेशंटना आधीच सांगतात. शरीर भरभर बदलतं, मेंदूतला नकाशा मागे राहतो. माणूस अजूनही दारातून तिरका होऊन आत शिरतो, दुकानात जुन्याच मापाचे कपडे उचलतो. ताणलेली कातडी लोंबते, आणि कपड्यांत बारीक दिसणारा माणूस आंघोळ करताना आरसा टाळतो. खाण्याचं एक प्रकारचं सुतकही असतं. एक जुना सोबती गेलेला असतो, आणि त्याच्यासाठी रडायची परवानगी नसते, कारण सगळे अभिनंदन करत असतात. काही जणांना तर या कौतुकाचाच राग येतो. काल ज्यांनी नजर वळवली तेच आज हसून बोलतात. मग कालचा मी कोण होतो?

नात्यांचं म्हणाल, तर १९७८ च्या त्या छोट्या लेखातली शंका खरी ठरली. २०१८ मध्ये स्वीडनच्या मोठ्या माहितीवरून दिसलं, की ऑपरेशननंतर एकट्या माणसांची लग्नं आणि नवी नाती वाढली, आणि आधीपासून जोडीने राहणाऱ्यांत वेगळं होण्याचं प्रमाणही वाढलं. बदल दोन्ही बाजूंनी झाला.

एकाच अंकातले दोन निकाल

ऑगस्ट २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. एक स्वीडनचा, दुसरा अमेरिकेतल्या युटा राज्याचा. दोघांचं म्हणणं एक: ऑपरेशन झालेली माणसं जास्त जगली. युटाच्या अभ्यासात ऑपरेशन झालेले ७,९२५ जण होते. त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ४० टक्क्यांनी कमी, मधुमेहाने होणारे मृत्यू तर ९२ टक्क्यांनी कमी. सर्जनांसाठी हा मोठा दिवस होता.

पण त्याच अभ्यासात आणखी एक ओळ होती. आजाराशिवाय इतर कारणांनी झालेले मृत्यू, म्हणजे अपघात, आत्महत्या वगैरे, ऑपरेशन झालेल्या गटात ५८ टक्क्यांनी जास्त. अशा मृत्यूंची एकूण संख्या लहान होती, आणि वाचलेले जीव त्याहून कितीतरी जास्त. तरीही सर्जनला ती ओळ ओलांडून पुढे जाता येणार नव्हतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १,९४५ पेशंटच्या अभ्यासात दारूचाही प्रश्न समोर आला. ऑपरेशनआधी दारूचा विकार ७.६ टक्के लोकांत होता, पहिल्या वर्षी जवळपास तितकाच, आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, हे त्यामागचं एक कारण.

दुसरं वर्ष, हे लक्षात घ्या. टाळ्या थांबतात ते वर्ष. फॉलोअप चुकवायला सुरुवात होते तेही साधारण तेव्हाच.

शरम कमी करायला मदत करणारी एक गोष्ट विज्ञानाकडून आली. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं. २००२ मध्ये दिसलं की डाएटने वजन उतरवलं की हे हार्मोन वाढतं, म्हणजे शरीर आणखी जोराने भूक लावतं. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांमध्ये मात्र ते खूप कमी आढळलं. म्हणजे ऑपरेशन नुसती पाइपलाइन बदलत नव्हतं, भुकेचे सिग्नलही बदलत होतं. पुढे शरीर जुळवून घेतं आणि काही वजन परत मागतं, तेव्हा तोही शरीराचाच खेळ असतो. 'मनच कच्चं' हे निदान तिथे लागू पडत नाही.

आपल्याकडे

नव्वदच्या दशकात दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांमधून हे ऑपरेशन व्हायला लागलं आणि मग ते जगभर पसरलं. आपल्याकडे मुंबई-पुण्यात आज ते सर्रास होतं. २०११ मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा पुष्कळ मराठी घरांत हा विषय पहिल्यांदा निघाला. आशियाई माणसाला कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आपल्यासारख्यांसाठी विचार बीएमआय २७.५ पासून सुरू होतो. म्हणजे पुढे तुमच्या-माझ्या ओळखीत असे लोक वाढणार.

आणि आपलं समाजजीवन तर ताटाभोवतीच फिरतं. लग्नाच्या पंगतीत आग्रह केला नाही तर यजमान कमी पडला. ताटात टाकलं तर अन्नाचा अपमान. आता ज्याच्या पोटात वाटीभरच मावतं, त्याने काय करायचं? ऑपरेशन सांगितलं तर "एवढं कापाकापी कशाला, चालायला जायचंस की" हे ऐकायचं. लपवलं तर "अगं, गाल किती बसले, काही आजार आहे का?" दुर्बिणीच्या ऑपरेशनचे व्रण इतके छोटे असतात, की गुपित ठेवणं सहज शक्य होतं. पण गुपित ठेवलेल्या माणसाला अडचणीच्या वेळी मदतही मागता येत नाही.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली आहेत. अनेकांना वाटतं, आता ऑपरेशनचा जमाना संपला. संपेल किंवा नाही. पण औषध थांबवलं की बहुतेकांचं बरंचसं वजन परत येतं, हे तिथेही दिसलं आहे. आतडं परत जोडल्यावर, तार सोडल्यावर जे झालं, तेच. साधन बदललं तरी दुसरं वर्ष येणारच आहे, आणि त्या वर्षी सोबत कोण असेल हा प्रश्नही.

डॉक्टर मेसन डिसेंबर २०२० मध्ये गेले, वयाची शंभरी पूर्ण करून. त्यांची पट्टीवाली शस्त्रक्रिया आज जवळपास कुणी करत नाही. बायपास बदलत बदलत टिकला. त्यांनी लावून दिलेली वही ठेवायची सवयही टिकली. आज चांगल्या केंद्रात सर्जन ऑपरेशनच्या आधीच सांगतो, की वजन थोडं परत येईल, तेव्हा नक्की या. तेव्हाच या.

तुमच्या घरात, ऑफिसात कुणी या वाटेवर असेल, तर दोन छोट्या गोष्टी करता येतील. ताटात आग्रहाने वाढू नका. आणि "किती उतरलं?" याऐवजी "कसं चाललंय?" एवढंच विचारा, दुसऱ्या वर्षीसुद्धा, पाचव्या वर्षीसुद्धा. तुम्ही स्वतः या वाटेवर असाल आणि फॉलोअप चुकला असेल, तर फोन उचला आणि पुढची तारीख घ्या. काटा काहीही दाखवो. आणि मन फारच जड झालं असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आजच्यापुरतं एवढंच. काही विचारायचं असेल तर कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!